बी२१० वर ६१.४४ एमएसपीएसचं रेकॉर्डिंग : सारखे "ओ" येतात, दोष नेमका कुठं?

परभणी_तरंग (परभणी)

नमस्कार मंडळी. यूएसआरपी बी२१० (सॉफ्टवेअर रेडिओचा बोर्ड) वर दिशादर्शक उपग्रहांचा एल५ पट्टा रेकॉर्ड करू लालोत. मध्य वारंवारिता ११९१.७९५ मेगाहर्ट्झ, दर ६१.४४ एमएसपीएस (सेकंदाला दशलक्ष सॅम्पलं), चॅनल एकच. गॅलिलिओचा पूर्ण ई५, म्हणजे ई५ए आणि ई५बी दोन्ही, आणि त्याच फायलीत ११७६.४५ वरचे नाविक व जीपीएसचे एल५ सिग्नल पाहिजेत. म्हणून दर कमी करता येत नाही.

चार कोअरचा आय५ लॅपटॉप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, उबंटू. ग्नू रेडिओ या सॉफ्टवेअरात यूएचडी (बोर्डाचा ड्रायव्हर) सोर्स (कॉम्प्लेक्स फ्लोट३२), त्याला फाइल सिंक, आणि स्पेक्ट्रम बघायला क्यूटी जीयूआय सिंक. अँटेना अ‍ॅक्टिव्ह आहे, बायस-टीमधून (अँटेनाच्या केबलनंच वीज देणारा जोड) ५ व्होल्ट दिलेत.

पहिली ४५ सेकंदं टर्मिनलवर मधूनच एखादा ओ (सॅम्पलं हुकल्याची खूण) येतो. त्यानंतर टर्मिनलवर ओळीच्या ओळी. ३०.७२ ला एक मिनिट रेकॉर्ड केलं तर स्वच्छ येतं. एसएसडीच्या डब्यावर सेकंदाला २००० एमबी लिहिलंय, मग डिस्क कशी कमी पडंल? यूएसबीची केबल बदलू का?

गोदातीर (नांदेड)

केबल बदलायच्या आधी आकडे मांडू.

फ्लोट३२ मध्ये एक कॉम्प्लेक्स सॅम्पल ८ बाइटचं. ६१.४४ × ८ = ४९१.५२ एमबी/से. एवढं तुम्ही डिस्कवर टाकताय, आणि त्यातला अर्धा भार फुकटचा आहे. बी२१० मधला एडीसी १२ बिटचा. यूएसबीवरून येताना सॅम्पल एससी१६ असतं, म्हणजे ४ बाइट. फ्लोट केल्यानं माहितीत काडीचीही भर पडत नाही, फाइल तेवढी दुप्पट होते. पहिला बदल हाच: आउटपुट टाइप कॉम्प्लेक्स इंट१६ करा. भार २४५.७६ वर येईल.

आता ४५ सेकंदांकडे बघा. ४५ × ४९१.५२ म्हणजे २२ जीबीच्या आसपास. ३०.७२ ला फ्लोटमध्येच घेतलं असेल तर मिनिटभरात १४.७ जीबीच लिहिले गेले. ते स्वच्छ आलं कारण तुम्ही तिथंच थांबलात. माझा संशय एसएसडीच्या एसएलसी कॅशवर आहे. स्वस्त टीएलसी आणि क्यूएलसी (एका पेशीत तीन किंवा चार बिट ठेवणाऱ्या) एसएसडी आपल्याच काही पेशी एक-बिट पद्धतीनं वापरून सुरुवातीचं लिखाण झपाट्यानं घेतात. डब्यावरचा आकडा त्या झपाट्याचा. ती जागा भरली की खरा वेग उघडा पडतो, आणि तो शंभर-दोनशे एमबी/से सुद्धा असू शकतो.

तरी संशयावर खरेदी करू नका. "ओ" चा अर्थ एवढाच की बोर्डाच्या बफरमध्ये जागा उरली नाही. एडीसी, एफपीजीए, यूएसबी, यूएचडी, ग्नू रेडिओचे बफर, कर्नलची पेज कॅश (डिस्कवर जायच्या आधी डेटा साचतो ती रॅम), एसएसडी, ही सगळी एकाच रांगेत उभी आहेत. मागचा कोणीही अडला तरी ताटकळणं पुढं सरकत बोर्डापर्यंत येतं आणि तक्रार मात्र बोर्डच करतो. म्हणून एकेक टप्पा वेगळा मोजायचा.

ग्नू रेडिओ पूर्ण बंद ठेवा. यूएचडीसोबत आलेला बेंचमार्क_रेट ६१.४४ वर ३०० सेकंद चालवा, सीपीयू फॉरमॅट एससी१६ देऊन (काही न सांगितल्यास तो फ्लोट घेतो). यात डिस्क येतच नाही. शेवटी ड्रॉप्ड सॅम्पल्स आणि ओव्हररन्स किती ते इथं टाका. मग एफआयओ या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामनं डिस्क एकटी मोजा: सलग लिखाण, ब्लॉक ४ एमबी, डायरेक्ट मोड, आकार किमान १०० जीबी. १-२ जीबीची चाचणी नुसती कॅश मोजते, तिचा उपयोग शून्य. सरासरी वेगही नको, दर सेकंदाचा लॉग घ्या आणि वेग कुठं कोसळतो ते बघा.

कातळ_लातूर (लातूर)

गोदातीर यांचं बरोबर आहे, पण "पहिली ४५ सेकंदं मधूनच एखादा ओ" हे डिस्कचं लक्षण नाही. तो दुसरा दोष आहे आणि तो यजमान संगणकाकडं आहे. डिस्क बदलली तरी ते तुरळक ओ राहतील.

आधी बोर्ड खरंच यूएसबी ३ वर आहे का ते पाहा. यूएचडी सुरू होताना "ऑपरेटिंग ओव्हर यूएसबी ३" असं छापतं. एलएसयूएसबीच्या झाड-दृश्यात बोर्डासमोर ५०००एम दिसलं पाहिजे. ४८०एम दिसलं तर पुढचं काही बघायचंच नाही, केबल नाहीतर पोर्ट. हब मधे नको, केबल मीटरभराची बरी. त्याच झाडात त्याच कंट्रोलरवर बाहेरची डिस्क नाही ना हेही बघून घ्या. ५ गिगाबिट हा कागदावरचा आकडा. ८बी/१०बी कोडिंगनंतर ५०० एमबी/से उरतात, प्रत्यक्षात हाताला ४०० च्या आतबाहेर. आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे रस्ते वेगळे असले तरी एकाच कंट्रोलरवर दोन मोठे भार नकोत.

यानंतर यूएसबीच्या फ्रेमांची (बफरच्या तुकड्यांची) संख्या. १६ फ्रेमा आणि प्रत्येकी साधारण ८ केबी धरा. एकूण १३० केबी. २४५.७६ एमबी/से ला हे अर्ध्या मिलिसेकंदात भरतं! स्क्रीन रंगवायला, वायफायला, कशालाही कर्नलनं अर्धा मिलिसेकंद जास्त दिला की एक ओ. डिव्हाइस आर्ग्युमेंटमध्ये नम_रिसीव्ह_फ्रेम्स = १०२४ द्या, सवड ३४ मिलिसेकंदांवर जाते. याहून वाढवायचं असेल तर यूएसबीकोअरचा यूएसबीएफएस_मेमरी_एमबी हा पॅरामीटर आधी वाढवा. तो मुळात १६ असतो. १२८ पुरे.

"थ्रेड प्रायॉरिटी लावता आली नाही" अशी सूचना दिसत असेल तर ती सोडून देऊ नका. सिक्युरिटी लिमिट्सच्या फायलीत तुमच्या गटाला आरटीप्रायो (तातडीचा अग्रक्रम) ९९ द्या, लॉगआउट करून परत या. सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा. भारनियमनात लॅपटॉप बॅटरीवर गेला की बऱ्याच यंत्रांत तो आपोआप पॉवरसेव्हवर उतरतो आणि रेकॉर्डिंगच्या मधोमध ओ सुरू होतात. लॅपटॉप इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर ती आपोआप उतरणारी सेवा बंद करा.

आणि ते क्यूटी सिंक काढा. ६१.४४ वर एफएफटी आणि चित्र त्याच फ्लोग्राफमध्ये नको. स्पेक्ट्रम आधी बघून घ्यायचा, गेन ठरवायचा, बंद करायचं, मग रेकॉर्ड.

परभणी_तरंग

सर, दोघांचेही आभार. मोजून आणलं.

बेंचमार्क_रेट, ३०० सेकंद: आधी अधूनमधून ओव्हररन. फ्रेमा १०२४ आणि आरटीप्रायो लावल्यावर ड्रॉप्ड सॅम्पल्स शून्य. एलएसयूएसबीत ५०००एम आहे, त्या कंट्रोलरवर दुसरं काही नाही.

एफआयओ, १०० जीबी: पहिले २० जीबी १७०० एमबी/से च्या वर, नंतर एकदम १८० वर येऊन तिथंच स्थिर.

इंट१६ करून, जीयूआय काढून घेतलं. आता १ मिनिट ५० सेकंदांपर्यंत एकही ओ नाही, नंतर पुन्हा ओळीनं. एक कळलं नाही. ११० सेकंदांत २७ जीबी होतात, पूर्वी २२ जीबीला अडत होतं. कॅश २० जीबीचीच आहे तर हा फरक कशाचा?

गोदातीर (नांदेड)

फरक पेज कॅशचा. हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बरेच जण इथंच चुकीचं नॉब फिरवतात.

एसएलसी जागा २० जीबीला संपली. फ्लोटमध्ये तिथपर्यंत ४१ सेकंद, इंट१६ मध्ये ८१ सेकंद. यापुढं डिस्क १८० नं घेते, तुम्ही जास्त ओतता, उरलेलं रॅममध्ये साचतं. फ्लोटमध्ये साचण्याचा वेग ४९१ − १८० = ३११ एमबी/से, इंट१६ मध्ये ६६. कर्नल किती साचू देतो? डर्टी_रेशो मुळात २० टक्के, तोही उपलब्ध रॅमच्या. तुमच्याकडं साडेबारा जीबी उपलब्ध धरली तर अडीच जीबी. पण लिहिणाऱ्या प्रोग्रामला तो त्याआधीच आवरायला लागतो, बॅकग्राउंडचे (मागं लिखाण सुरू होण्याचे) १० टक्के आणि हे २० टक्के यांच्या मध्यापासून, म्हणजे दोनेक जीबीपासून. २ जीबी भागिले ३११ म्हणजे साडेसहा सेकंद, तर भागिले ६६ म्हणजे ३० सेकंद. ४१ + ६ आणि ८१ + ३०. तुमचे दोन्ही आकडे जुळतात.

म्हणून डर्टी_रेशो ८० करा असा सल्ला कुणी दिला तर त्यानं मरण थोडं पुढं ढकललं जाईल एवढंच. सलग वेग कमी असेल तर कुठलाही बफर पुरत नाही. डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स ६४ एमबीवर आणायचा फायदा वेगळा आहे. लिखाण लगेच सुरू होतं, झटके येत नाहीत. वेगवान डिस्कवरही कधीकधी दर काही सेकंदांनी ओ चा पुंजका येतो, त्यावर हे औषध. तुमच्या रोगावर नाही.

निदानाचा एक नियम पाठ करून ठेवा. दर अर्धा केला आणि ओ येण्याची वेळ दुप्पट किंवा त्याहून लांब गेली, तर दोष लिहिलेल्या बाइटांशी बांधलेला आहे: डिस्क. दर बदलूनही वेळ तीच राहिली तर तापमान किंवा ठरावीक वेळेनं चालणारं एखादं काम. वेळेचा काही मेळच नसेल तर शेड्युलिंग नाहीतर यूएसबी.

नवी डिस्क घ्यायचीच असेल तर क्यूएलसी नको. डीरॅम असलेली टीएलसी घ्या, आणि कॅश संपल्यानंतरचा वेग छापणारी परीक्षणं वाचूनच घ्या. २४५ साठी तो वेग ४०० च्या वर हवा. निम्मी जागा रिकामी ठेवा, रेकॉर्डिंगआधी एफएसट्रिम (रिकामी जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा) चालवा. फाइल सिस्टिम एक्सएफएस किंवा ईएक्सटी४. एनटीएफएसवर किंवा एन्क्रिप्ट केलेल्या पार्टिशनवर थेट रेकॉर्ड करू नका, सीपीयू तिथंच खर्ची पडतो. फिरती हार्ड डिस्क या दराला बादच, बाहेरच्या कडेला १५०-२०० मिळतात आणि आतल्या कडेला त्याच्या निम्मे.

छोटं रेकॉर्डिंग चालत असेल तर टीएमपीएफएस (रॅममध्येच केलेली फाइल सिस्टिम) हा बिनखर्ची मार्ग आहे. ३२ जीबी रॅम असेल तर २४ जीबीची टीएमपीएफएस केली की २४५.७६ ला शंभर सेकंद मिळतात.

अजिंठा_ई५ (छत्रपती संभाजीनगर)

डिस्क विकत घेऊ नका! या कामाला एससी८ पुरतं.

उपग्रहाचा सिग्नल नॉइझच्या खाली गाडलेला असतो. एडीसीला दिसतो तो जवळपास सगळा नॉइझ. तो ४ बिटांत मोजला तरी कोरिलेशननंतर (उपग्रहाच्या कोडशी जुळवल्यावर) तोटा नगण्य. मग ८ बिट आय, ८ बिट क्यू, म्हणजे सॅम्पलला २ बाइट. ६१.४४ × २ = १२२.८८ एमबी/से. तुमची डिस्क कॅश संपल्यावरही १८० देते. प्रश्न मिटला, आणि यूएसबीवरचा भारही निम्मा झाला.

दोन अटी आहेत. एससी८ मध्ये वरचे ८ बिट राहतात, खालचे गळतात. गेन कमी ठेवला तर नॉइझ खालच्या बिटांत राहून गळून जाईल आणि फाइलभर शून्य आणि उणे एक दिसेल. गेन एवढा वाढवा की आठ बिटांतली आरएमएस किंमत १० च्या आसपास येईल. कमाल १२७, म्हणजे वर २२ डेसिबल मोकळे. ती मोकळीक लागते, कारण विमानांचं डीएमई (अंतर मोजणारी यंत्रणा) ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झमध्ये चालतं आणि त्याच्या स्पंदांचे उभे काटे थेट या पट्ट्यात येतात. आमच्याकडं चिकलठाणा विमानतळाजवळ तर याचा विचार करावाच लागतो. ३० ला ठेवली तर काटे छाटले जातील.

दुसरी अट: आरएक्स_सॅम्पल्स_टू_फाइल मध्ये वायर फॉरमॅट एससी८ दिला आणि टाइप शॉर्ट ठेवला, तर बचत फक्त यूएसबीवर होते. फायलीत सॅम्पल ४ बाइटचंच जातं, डिस्कला काही फरक पडत नाही. यूएचडीच्या सी++ मध्ये स्ट्रीम आर्ग्युमेंट (एससी८, एससी८) असं दोन्ही बाजूंनी द्यावं लागतं.

मास्टर क्लॉकही ६१.४४ असा स्वतः सांगा. एडी९३६१ (बी२१० वरची रेडिओ चिप) ची अ‍ॅनालॉग बँडविड्थ ५६ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. ई५ चे दोन्ही मुख्य लोब मिळून ५१.१५ होतात, म्हणजे आत बसतात.

बालाघाट (बीड)

एससी८ साठी स्वतःचा प्रोग्राम लिहायचाच आहे तर दोन थ्रेडचा लिहा. एकानं फक्त रिसीव्ह करून रिंगमध्ये (रॅममधल्या गोल बफरमध्ये) टाकायचं, दुसऱ्यानं रिंगमधून काढून डिस्कवर. रिसीव्ह थ्रेडमध्ये प्रिंट नाही, मेमरी मागणं नाही, फायलीला हात नाही. रिंग २ जीबीची घ्या, १२२.८८ ला १७ सेकंदांची सवड. सुरुवातीलाच तिच्या प्रत्येक पानावर काहीतरी लिहून मेमरी लॉक करा, नाहीतर पहिल्या फेरीत पेज फॉल्टमुळंच ओ येतात. लिखाण ओ_डायरेक्टनं (पेज कॅश टाळून), ४ एमबीच्या जुळवलेल्या ब्लॉकनं, आणि फाइल फॉलोकेटनं आधीच आखून. रिंग जास्तीत जास्त किती भरली हा आकडा शेवटी छापा. पुढच्या वेळी किती जवळून वाचलात ते त्यावरूनच कळतं.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ओ आलाच तर काय करायचं. तयार प्रोग्राम हरवलेली सॅम्पलं गाळून पुढचं लगेच जोडतात. फाइल दिसायला अखंड, आतला काळ तुटलेला. एका पॅकेटमध्ये दोन हजारांच्या आसपास सॅम्पलं, म्हणजे ३३ मायक्रोसेकंद. ई५ चा चिप (कोडचा एक तुकडा) दर १०.२३ मेगा, एका चिपला सहा सॅम्पलं. तेवढ्यानं कोड ३४० चिप सरकला आणि पल्ल्यात १० किलोमीटर खोटे आले. सगळ्या उपग्रहांना सारखेच आले म्हणून स्थानाच्या गणितात ते घड्याळाच्या चुकीत जातील हे खरं, पण त्याआधी ट्रॅकिंग लूप (सिग्नल धरून ठेवणारा भाग) सुटलेलाच असतो. आणि विश्लेषण करणारा दिवसभर रिसीव्हरच्या कोडमध्ये बग शोधत बसतो.

म्हणून मेटाडेटात ओव्हरफ्लो दिसला की पुढच्या पॅकेटचा टाइम_स्पेक (वेळेचा शिक्का) घ्या, अपेक्षित वेळ वजा करा, ६१.४४ दशलक्षांनी गुणून जवळच्या पूर्णांकात आणा, आणि तेवढी शून्यं भरा. मिलिसेकंदाच्या आतली पोकळी लूप सहज ओलांडतो. सोबत सिगएमएफ (रेकॉर्डिंगचं वर्णन ठेवायचा फॉरमॅट) च्या मेटा फायलीत प्रत्येक खंडाची नोंद ठेवा. शून्यं भरायची नसतील तर तिथं सॅम्पल_स्टार्ट आणि ग्लोबल_इंडेक्स वेगवेगळे देता येतात. मी शून्यांच्याच बाजूचा आहे, कारण फाइल वाचणारा मेटा फाइल उघडेलच याची खात्री नसते.

तयार प्रोग्रामनं घेतलेली जुनी फाइल तपासायची असेल तर आकार बघा. ५ मिनिटं एससी१६ म्हणजे ७३,७२,८०,००,००० बाइट, एससी८ म्हणजे ३६,८६,४०,००,०००. कमी भरली तर मधून गळलं आहे. मात्र शून्यं भरलेल्या फायलीला ही तपासणी चालत नाही, तिथं ओ ची नोंदच बघायची.

परभणी_तरंग

बालाघाट सर म्हणाले तसा दोन थ्रेडचा प्रोग्राम केला. पहाटे अर्धा तास सलग चालला, शून्य ओ, रिंग ३ टक्क्यांच्या वर गेली नाही. गेन वाढवून आरएमएस ११ ठेवली. पण दुपारी सातव्या-आठव्या मिनिटाला ओ सुरू होतात. ३०.७२ ला पण त्याच सुमारास. पत्र्याच्या खोलीत बसतो, सध्या पारा ४३ वर आहे.

कातळ_लातूर (लातूर)

दर निम्मा केला तरी वेळ तीच, म्हणजे गोदातीर यांच्या नियमानं तापमान. आता एसएसडी की सीपीयू, एवढंच शोधायचं. एनव्हीएमईच्या स्मार्ट लॉगमधलं तापमान आणि सीपीयूची वारंवारिता दोन्ही दर सेकंदाला फायलीत टाका, रेकॉर्डिंगच्या डिस्कवर नको. एसएसडी ७०-८० अंशांच्या दरम्यान स्वतःला आवरते, तेव्हा रिंग हळूहळू भरत जाते. सीपीयू आवरला गेला तर रिंग रिकामी असूनही ओ येतात, कारण रिसीव्ह थ्रेडच मागं पडतो. रिंगचा आकडा छापता म्हणून हे लगेच ओळखू येईल.

एसएसडी असेल तर थर्मल पॅड आणि पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. सीपीयू असेल तर आधी पंख्याची जाळी उघडून बघा. जिनिंगच्या दिवसांत इकडं कापसाचे तंतू जाळीत अडकून नमदा तयार होतो, वरून फुंकून तो निघत नाही, पंखा काढून ब्रशनं काढावा लागतो. टर्बो बंद करून बघा. १२२.८८ साठी टर्बोची गरज नाही आणि उष्णता बरीच कमी होते. लॅपटॉपखाली दोन बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवून मधून हवा खेळू द्या. कूलर समोर ठेवू नका, दमट हवा आणि बारीक थेंब बोर्डाच्या कनेक्टरला चांगले नाहीत.

परभणी_तरंग

सीपीयूच होता, रिंग १ टक्क्यावर असताना ओ येत होते. जाळी साफ केली, टर्बो बंद केला, दुपारी पण अर्धा तास स्वच्छ येतंय. आता शेवटचं विचारतो: बी२१० ला दोन चॅनल आहेत. दुसऱ्यावर जीपीएसचा एल१, १५७५.४२, सोबतच घेता येईल का?

अजिंठा_ई५ (छत्रपती संभाजीनगर)

एका बोर्डावर नाही. एडी९३६१ मध्ये दोन्ही रिसीव्ह चॅनलना लोकल ऑसिलेटर एकच असतो, त्यामुळं दोन्हींची मध्य वारंवारिता सारखीच राहते. शिवाय दोन चॅनल चालू केले की प्रत्येकाला ३०.७२ हीच मर्यादा.

दोन बोर्ड लागतील, दोघांना एकाच स्रोताचे १० मेगाहर्ट्झ आणि पीपीएस (सेकंदाला एक स्पंद). क्लॉक आणि टाइम सोर्स एक्स्टर्नल करून पुढच्या पीपीएसला दोन्हींची वेळ शून्य करा आणि स्ट्रीम ठरलेल्या भविष्यातल्या वेळेला सुरू करा, म्हणजे दोन्ही फायलींचं पहिलं सॅम्पल एकाच क्षणाचं असेल. एल१ ला ६१.४४ ची गरज नाही, सी/ए कोडसाठी (जीपीएसचा एल१ वरचा नागरी कोड) १०.२४ भरपूर. एससी८ मध्ये २०.४८ एमबी/से वाढतील, एकूण १४३.३६. तुमची डिस्क १८० देते, सवड आहे पण थोडी, त्यामुळं रिंग ४ जीबीची करा. बोर्ड दोन वेगळ्या कंट्रोलरवर लावा. लॅपटॉपला बहुधा एकच असतो, तसं असेल तर दोन्ही मिळून बेंचमार्क_रेट ३०० सेकंद स्वच्छ आल्याशिवाय डिस्कवर लिहू नका. दोन्ही बोर्डांना ६ व्होल्टचा बाहेरचा पुरवठा द्या.